सपाट तळवे, ढोलाचा सराव आणि साडेआठ हजारांचे इनसोल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय २४, हिंजवडीत बैठी नोकरी, जूनच्या अखेरीपासून ढोल पथकाचा रोज संध्याकाळी अडीच-तीन तास सराव आणि रविवारी सिंहगड. तिसऱ्या आठवड्यात दोन्ही घोट्यांच्या आतल्या बाजूला आणि नडगीच्या खालच्या भागात दुखायला लागलं. बुटांच्या दुकानात मशीनवर उभं केलं तर पडद्यावर अख्खा तळवा लाल दिसला. विक्रेत्याने ‘तुमचे पाय सपाट आहेत, दहा वर्षांत गुडघे जातील’ असं सांगून बुटात पावलाखाली घालायचे, तुमच्या मापाने बनवलेले साडेआठ हजारांचे इनसोल सुचवले. घरात ऑपरेशनचा विषय निघालाय. आणि धाकटा भाऊ अग्निवीर भरतीची तयारी करतोय, त्याचेही तळवे असेच आहेत.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. तुमचे तळवे जूनमध्ये सपाट झालेले नाहीत. ते बहुतेक जन्मापासून तसेच आहेत आणि त्यांच्यावर तुम्ही शाळा, कॉलेज, क्रिकेट सगळं केलंत. दुखणं मात्र सराव सुरू झाल्यानंतरचं आहे. म्हणजे सराव सुरू झाल्यापासून जे बदललं ते शोधायला हवं, आणि ते तुम्ही स्वतःच लिहिलंय: दिवसभर खुर्चीत बसणारा माणूस एकदम आठवड्याचे पंधरा-अठरा तास वजन बांधून उभा राहायला लागला. सपाट तळव्याला हा भार थोडा कमी झेपतो, एवढंच त्या तळव्याचं यात योगदान. म्हणून ‘तळव्यांचा सपाटपणा कसा घालवायचा’ हा प्रश्न बाजूला ठेवू. ‘या पायांना एवढं काम झेपावं म्हणून काय करायचं, आणि यामागे दुसरा काही आजार दडलेला नाही ना’ हा तुमचा खरा प्रश्न आहे.

पाय हातात घेऊन तपासल्याशिवाय निदान करता येत नाही, त्यामुळे खाली जे लिहितेय त्यातलं बरंच तुमच्या पायाच्या लवचिकतेवर, पोटरीच्या ताणावर आणि नेमकी कुठे कळ येते यावर अवलंबून आहे. या तिन्ही गोष्टी घरच्या घरी बऱ्यापैकी पाहता येतात, म्हणून सविस्तर सांगते.

लहान बाळाचा तळवा सपाटच असतो, तळव्याच्या आतल्या कडेला मोठ्यांना जी कमान असते तिच्या जागी चरबीची गादी असते. साधारण दहाव्या वर्षापर्यंत कमान आकाराला येत राहते. काहींची येतच नाही, आणि त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर त्याचा पत्ताही लागत नाही. मोजण्याच्या पद्धतीप्रमाणे आकडा बदलतो, पण दर चार-सहा माणसांमागे एकाचा तळवा कमी-अधिक सपाट निघतो. नाकाची जशी ठेवण असते तशी ही पावलाची ठेवण. राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी दक्षिण भारतातल्या २३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले होते. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत पादत्राणं घालणाऱ्या मुलांत सपाट तळव्याचं प्रमाण ८.६ टक्के आणि अनवाणी वाढलेल्या मुलांत २.८ टक्के होतं. बंद बुटांत वाढलेल्या मुलांत ते सगळ्यात जास्त. म्हणून लहान मुलांना घरात, अंगणात अनवाणी खेळू द्यावं असं मी आवर्जून सांगते. चोविसाव्या वर्षी अनवाणी हिंडून मात्र कमान उगवत नाही.

आता ‘दहा वर्षांत गुडघे जातील’ या वाक्याकडे वळू. असं भाकीत करण्याइतका आधार कुणाकडेच नाही. उलट सैन्यातले अनुभव वेगळंच सांगतात. १९९३ साली अमेरिकी पायदळाच्या २४६ नव्या जवानांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सर्वांत सपाट तळव्यांच्या जवानांना प्रशिक्षणात सर्वांत कमी दुखापती झाल्या आणि उंच कमानीवाल्यांना सर्वांत जास्त. डेन्मार्कमध्ये नव्याने धावायला लागलेल्या ९२७ जणांना एकाच प्रकारचे साधे बूट देऊन वर्षभर पाहिलं, तेव्हा पाऊल आत कलणाऱ्यांना दुखापत जास्त होते असं आढळलं नाही. दुसरी बाजूही सांगायला हवी: नडगीच्या आतल्या कडेच्या दुखण्याशी आत कलणाऱ्या पावलाचा थोडा संबंध अनेक अभ्यासांत दिसतो. तो लहान आहे, पण आहे, आणि तुमची तक्रार नेमकी तीच आहे. गुडघ्याच्या वाटीमागचं दुखणं आणि पाऊल यांचा संबंध याहून अंधुक, कंबरेचा तर फारच.

मला या विषयातलं सगळ्यात उपयोगी काम वाटतं ते जुनं आहे. हॅरिस आणि बीथ या संशोधकांनी कॅनडाच्या सैन्यातल्या साडेतीन हजारांहून अधिक जवानांचे पाय तपासून १९४७ साली अहवाल दिला. त्यांनी सपाट तळव्यांचे तीन गट वेगळे काढले. पहिला, लवचिक आणि पोटरी मोकळी असलेला. याला त्रास नसतो. दुसरा, लवचिक पण टाचेमागची शीर, म्हणजे पोटरीची कंडरा (स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी), आखूड असलेला; हा बऱ्याचदा दुखतो. तिसरा, ताठर, यात हाडांतच काही वेगळं असतं. पंचाहत्तर वर्षं उलटली तरी तपासताना मी आधी हेच ठरवते की समोरचा पाय या तीनपैकी कुठल्या खणातला आहे. पुढचं सगळं त्यावर ठरतं.

तुमचा खण कुठला ते असं पाहा. शहाबादी फरशीवर ओला पाय ठेवून ठसा पाहणं सगळ्यांना माहीत असतं. त्यातून तळवा किती टेकतो एवढंच कळतं, आणि वजन जास्त असेल तर मांसल तळव्याचाही ठसा भरलेला येतो. ठशावर थांबू नका. भिंतीला हात टेकवून दोन्ही चवड्यांवर उभे राहा आणि कुणाला तरी मागून मोबाईलवर व्हिडिओ काढायला सांगा. चवड्यांवर गेल्यावर आतली कमान वर आली आणि दोन्ही टाचा आतल्या बाजूला वळल्या, तर पाय लवचिक. कमान आलीच नाही, टाच बाहेर कललेलीच राहिली, तर ताठरपणाचा संशय घ्यायचा. दुसरी खूण: सरळ उभे राहा आणि दुसऱ्याला तुमचा फक्त अंगठा हाताने वर उचलायला सांगा. लवचिक पायात कमान लगेच उठते. तळव्याखालचा जाड पडदा टाचेपासून बोटांपर्यंत जातो. अंगठा वर गेला की तो पडदा अंगठ्यामागच्या हाडावर गुंडाळला जातो आणि टाच पुढे ओढली जाते, विहिरीवरच्या रहाटावर दोर गुंडाळला की बादली वर यावी तसं. हिक्स या संशोधकांनी १९५४ साली ही रचना मांडली. चालताना प्रत्येक पावलाला हा रहाट फिरतो, आणि सपाट तळव्यात तो जरा उशिरा फिरतो. तोवरचं काम स्नायूंना करावं लागतं.

मग पोटरी. इथे एक फसगत होते. ‘मी टाचा टेकवून उकिडवं बसू शकतो, म्हणजे पोटरी मोकळी आहे’ असं अनेक जण म्हणतात. उकिडवं बसताना गुडघा वाकलेला असतो, आणि पोटरीचा वरचा मोठा स्नायू गुडघ्याच्या वरून सुरू होत असल्याने तो तेव्हा सैल पडलेला असतो. त्याची परीक्षा गुडघा सरळ ठेवूनच होते. पलंगावर पाय लांब करून बसा, गुडघा सरळ, टाच किंचित आत वळवून धरा आणि पाऊल स्वतःकडे ओढा. पाऊल काटकोनापलीकडे थोडंही येत नसेल, पण गुडघा वाकवताच सहज येत असेल, तर वरचा स्नायू आखूड आहे. टाच आत धरायला विसरू नका. नाहीतर पाऊल मधूनच मोडून बाहेर वळतं आणि पोटरी मोकळी असल्याचा भास होतो. चालतानाही नेमकं हेच घडतं. टाच उचलायच्या आधी नडगी पावलावरून पुढे जायला हवी, पोटरी ती जाऊ देत नाही, मग शरीर पळवाट काढतं, मधला भाग खचतो, पाऊल बाहेर फिरतं. दिवसातून हजारो वेळा. खुर्चीत आठ-नऊ तास बसणाऱ्या तरुणांत हा दुसरा खण मला सर्वांत जास्त दिसतो, आणि तुमच्या वर्णनावरून तुमचाही तोच असेल असा माझा अंदाज आहे. अंदाजच.

आता दुखण्याची जागा. घोट्याच्या आतल्या उंचवट्याच्या मागून एक कंडरा वळसा घालून पुढे नौकेसारख्या छोट्या हाडाला चिकटते. टिबियालिस पोस्टेरियर हा तिचा स्नायू. कमान सावरून धरणं आणि टाच उचलताना पाऊल घट्ट करणं हे त्याचं काम. उंचवट्याच्या मागे-खाली बोटाने दाबल्यावर दुखतं आणि एका पायाच्या चवड्यावर उठताना तिथेच कळ येते, तर हा स्नायू दमलाय. एका पायावर किती वेळा पूर्ण उंचीपर्यंत उठता येतं ते मोजा. धडधाकट तरुणाला पंचवीसपर्यंत जमायला हवं. सपाट पाय दुखणारे बरेच जण आठ-दहावर थांबतात, किंवा मोजणी पूर्ण करतात पण उंची अर्धीच गाठतात. उंची कमी झाली की मोजणी थांबवा.

नडगीचं दुखणं तुम्ही ‘खालच्या भागात’ म्हणता. आतल्या कडेवरून बोट फिरवून पाहा. पाच सेंटीमीटर किंवा त्याहून लांब पट्टा दुखत असेल तर ते हाडावरच्या आवरणाला बसलेला ताण, भार कमी केला की ओसरणारा. रुपयाच्या नाण्याएवढ्याच एका जागी टोचल्यासारखं दुखत असेल, एका पायावर उडी मारल्यावर तिथेच कळ येत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा गेल्याचा संशय घेऊन सराव त्याच दिवशी बंद करायचा. पहिले दोन-तीन आठवडे साध्या एक्स-रेमध्ये असा तडा दिसत नाही, त्यामुळे ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ म्हणून पुन्हा ढोल बांधू नका. एमआरआय लागू शकतो. पावलाच्या वरच्या बाजूला, घोट्याच्या जरा पुढे, एकाच बिंदूवर दुखत असेल तर तेही याच गांभीर्याने घ्या. नौकेसारख्या त्या हाडाचा तडा उशिरा सापडतो आणि भरायला फार त्रास देतो.

इतर जागांबद्दल थोडक्यात: सकाळी पलंगावरून उतरताच टाचेखाली सुई टोचावी तसं होणं हे तळव्याच्या पडद्याचं दुखणं. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला चिमटल्यासारखं होणं म्हणजे टाच जास्त बाहेर कलल्याने तिथे हाडांत जागा उरलेली नाही. आतल्या बाजूला हाडाचा टेंगूळ असून तो बुटाला घासत असेल तर ते जन्मजात जास्तीचं हाड असू शकतं. साधारण दहा टक्के लोकांना ते असतं आणि बहुतेकांना त्रास देत नाही.

डॉक्टरांकडे आधी जायचं, व्यायाम नंतर, अशाही काही खुणा आहेत. चवड्यावर उठूनही कमान न येणारा ताठर पाय, विशेषतः वारंवार मुरगळणारा: यात टाचेची हाडं एकमेकांना जन्मतः जोडलेली असू शकतात आणि त्याचा त्रास शाळेच्या शेवटच्या वर्षांत किंवा तारुण्यात सुरू होतो. एकच पाय अलीकडे सपाट व्हायला लागलाय. घोट्याला सूज आहे. सकाळचा आखडलेपणा अर्धा तास जात नाही आणि जोडीला पाठही आखडते. तरुणांत टाचदुखी हे कधीकधी सांध्यांच्या दाहाचं पहिलं लक्षण असतं. तळव्याला मुंग्या, बधिरपणा. मधुमेह. यातलं काही असेल तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा, आणि एक्स-रे काढायची वेळ आली तर तो उभं राहून, पायावर वजन देऊन काढायला सांगा. झोपून काढलेल्या एक्स-रेमध्ये सपाट तळव्याचा खचलेपणा दिसतच नाही, आणि पैसे देऊन पुन्हा काढावा लागतो.

यातली एकही खूण नाही असं धरून पुढे लिहिते.

सर्वांत आधी भार. पथक सोडायची गरज नाही, पण पुढचे तीन आठवडे पथकप्रमुखांशी बोलून घ्या. एक दिवसाआड सराव, सुरुवातीला ४०-४५ मिनिटं, दर १५ मिनिटांनी ढोल उतरवून पाच मिनिटं बसायचं. पुढे लटकलेलं वजन तोलायला पोटऱ्या अखंड ताणलेल्या राहतात. स्नायूला हलण्यापेक्षा असं एका जागी ताणून राहणं जास्त जड जातं, म्हणून वादन थांबलं की जागच्या जागी पावलं टाका, नुसते उभे राहू नका. दर आठवड्याला सत्रामागे १०-१५ मिनिटं वाढवा. वाढवायचं की नाही हे दुखणं सांगेल: शून्य ते दहाच्या मापात सराव चालू असताना तीनच्या वर जाता कामा नये आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या सकाळएवढंच असायला हवं. सकाळी जास्त असेल तर आदल्या आठवड्याच्या वेळेवर परत या. विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर तासन्‌तास एकाच चौकात खोळंबावं लागतं, ते गृहीत धरून शेवटच्या दोन आठवड्यांत सलग वादनाचा नव्हे तर सलग उभं राहण्याचा वेळ मोजा. सिंहगड तीन आठवडे बंद. नंतर पर्वती किंवा तळजाईसारख्या छोट्या टेकडीने सुरुवात करा, आणि सिंहगडाला पहिल्या दोन वेळा वर चालत जाऊन उतरायला गाडी करा. नडगीला आणि घोट्याला उतरणं जास्त महागात पडतं, कारण प्रत्येक पावलाला शरीराचं वजन स्नायूंना आवरून धरावं लागतं.

व्यायाम चारच देते. वीस दिले की एकही होत नाही असं पाहण्यात आहे.

पहिला पोटरीचा ताण. भिंतीला हात, एक पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला चिकटलेली, मागच्या पावलाचं टोक सरळ समोर. मागच्या पायाच्या कमानीखाली घडी घातलेला नॅपकिन सरकवा. तो नसेल तर ताण पोटरीला बसण्याऐवजी कमान खचते आणि आपण रोज इमानेइतबारे चुकीची जागा ताणत राहतो. ४५ सेकंद, तीन वेळा. मग तोच ताण गुडघा वाकवून. दिवसातून दोनदा, रोज.

दुसरा तळव्याचा. खुर्चीत बसून पाऊल जमिनीवर, आणि बोटं न मुडपता अंगठ्यामागचा चवडा टाचेकडे ओढायचा. पाऊल किंचित आखूड होतं, कमान उठते. ५ सेकंद धरा, दहा वेळा, तीन फेऱ्या. पहिला आठवडा काहीच होत नाहीये असं वाटेल. दुसऱ्या हाताने कमानीखाली बोट ठेवा म्हणजे स्नायू घट्ट झालेला लागतो. जमायला लागलं की उभं राहून, मग एका पायावर. बोटांनी टॉवेल गोळा करण्याचा व्यायाम सर्रास सांगितला जातो. त्यात बोटं वाकवणारे पोटरीतले लांब स्नायू जास्त काम करतात, तळव्यातले छोटे नाही, म्हणून मी तो देत नाही.

तिसरा सगळ्यात महत्त्वाचा, चवड्यांवर उठणं. दोन्ही टाचांच्या मध्ये टेनिसचा चेंडू धरा, घोट्यांच्या उंचवट्यांच्या खाली, आणि तो न पाडता वर उठा. चेंडू दाबताना टिबियालिस पोस्टेरियर आपोआप कामाला लागतो. तीन मोजत वर, दोन मोजत थांबा, तीन मोजत खाली. १२ वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. हे सपाट जमिनीवरच करा. दोन आठवड्यांनी दोन पायांवर उठून एका पायावर उतरा, चार आठवड्यांनी एका पायावर, आणि ते सोपं झालं की पाठीवर पुस्तकांची सॅक. घाईघाईत पन्नास वेळा उड्या मारल्यासारखं केलं तर कंडरा नुसती चिडते. चौथा, रबरी पट्टा टेबलाच्या पायाला बांधून, टाच जागेवर ठेवून पाऊल आत ओढणं, १५ वेळा, तीन फेऱ्या. गुडघा आत फिरला तर मांडीच काम करते, म्हणून गुडघ्यावर हात ठेवा.

स्नायूंत खरा फरक पडायला सहा ते आठ आठवडे जातात, कंडरेला बारा. दहाव्या दिवशी ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडू नका. आणि बारा आठवड्यांनी ओला ठसा पाहिलात तर तो बहुधा आहे तसाच असेल. दुखणं गेलेलं असेल, एका पायावर वीस-पंचवीस वेळा उठता येत असेल, ठसा तसाच. यशाचं माप ठसा नाही.

इनसोलबद्दल. मशीनवरचा लाल रंग म्हणजे तिथे दाब पडतोय, एवढंच. त्या रंगावरून पुढचा आजार सांगता येत नाही. इनसोल वाईट नाहीत. दुखऱ्या स्नायूचा भार काही आठवडे हलका करायला ते उपयोगी पडतात, कुबडीसारखे. त्याने कमान बनत नाही: १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सपाट तळव्यांच्या मुलांना तीन वर्षं खास बूट आणि इनसोल घालायला लावले आणि काहीही न दिलेल्या मुलांपेक्षा त्यांच्या पायांत फरक दिसला नाही. तयार की मापाचे, यावर टाचदुखीच्या १३५ रुग्णांचा २००६ सालचा ऑस्ट्रेलियातला अभ्यास आहे. बारा महिन्यांनी मापाचे, तयार आणि नुसता मऊ फोम दिलेल्यांत फारसा फरक उरला नव्हता. म्हणून तुमच्यासाठी आत्ता साडेआठ हजार खर्च करू नका. आधी फिजिओथेरपिस्टकडून कमानीला आधार देणारी चिकटपट्टी दोन-तीन दिवस लावून घ्या. त्याने दुखणं स्पष्ट कमी झालं तर मध्यम घट्ट, टाचेला वाटीसारखा खोलगटपणा असलेले तयार इनसोल घ्या. बुटातला मूळचा गादीचा तुकडा काढून मगच ते घाला, नाहीतर टाच बुटातून वर येते. पहिल्या दिवशी एक तास, मग रोज एकेक तास वाढवत दोन आठवड्यांत पूर्ण दिवस.

इथे पोटरी पुन्हा आडवी येते. ती आखूड असताना खाली कडक उंचवटा ठेवला, तर वरून शरीर कमान खाली दाबतंय आणि खालून प्लास्टिक वर ढकलतंय, मध्ये पाऊल भरडलं जातं. इनसोल घालून कमानीतच नवं दुखणं सुरू झालं असं सांगणाऱ्यांत हे कारण मला पुन्हा पुन्हा सापडतं. अशा वेळी आधी दोन्ही बुटांत टाचेखाली ६ ते ८ मिलिमीटर उंची द्यायची, पोटरी ताणत राहायची आणि मग कमानीचा आधार. ताठर पाय, टेंगळासारखं जास्तीचं हाड, दोन पायांत मोठा फरक, किंवा सहा आठवडे तयार इनसोल वापरूनही आराम नाही, अशांना मापाचे लागतात. त्यांनाही दुकानात नाही, पाय तपासून.

बूट संध्याकाळी घ्या, पाय तेव्हा थोडे सुजलेले असतात. मागची टाचेची भिंत चिमटीत दाबून पाहा, ती लगेच दबू नये. बूट बोटांपाशी वाकावा, मधोमध घडी पडू नये, आणि ओलं फडकं पिळावं तसा पिळला जाऊ नये. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. सरावाला पावसाळ्यात चपला घालून जात असाल तर त्या बदला. मागे पट्टा नसलेली चपल धरून ठेवायला बोटं सतत आवळलेली राहतात. मागे पट्टा असलेली जाड तळाची सँडल चालेल. मिरवणुकीत गणवेशाबरोबर कोल्हापुरी घालायची असेल तर ती एका दिवसापुरती ठेवा, आणि नवी कोरी त्याच दिवशी काढू नका. घरात गुळगुळीत फरशीवर सकाळी टाच दुखत असेल तर काही आठवडे मऊ स्लीपर वापरा.

ऑपरेशनचा विषय घरात बंद करायला हरकत नाही. न दुखणाऱ्या सपाट तळव्यावर, केवळ आकारासाठी, शस्त्रक्रिया करत नाहीत. नीट केलेले उपाय किमान सहा महिने करूनही चालणं अवघड असेल, तेव्हा टाचेचं हाड कापून सरकवणं, कंडरा वळवणं असे पर्याय पुढे येतात. त्यानंतर सहा-आठ आठवडे पाय टेकता येत नाही आणि पूर्ववत व्हायला वर्ष लागू शकतं.

भावाबद्दल. सैन्याच्या वैद्यकीय निकषांत सपाट तळवा दिसला की सरसकट बाद, असं नाही. चवड्यांवर उभं राहिल्यावर कमान परत येते, उमेदवार चवड्यांवर नीट उड्या मारू आणि धावू शकतो, पाय लवचिक, हलता आणि न दुखणारा आहे, तर तो पात्र धरतात. ताठर पाय अपात्र. निमलष्करी दलांच्या कॉन्स्टेबल भरतीच्या जाहिरातीत मात्र सपाट तळवा नसावा असं थेट लिहिलेलं असतं, त्यामुळे तो कुठे-कुठे अर्ज करणार आहे त्या प्रत्येक जाहिरातीतला वैद्यकीय परिच्छेद त्या वर्षीचा वाचायचा. फेरतपासणीची मुदतही तिथेच दिलेली असते. त्याच्याकडून वरची चवड्यांची परीक्षा आजच करून घ्या. कमान येत असेल तर तिसरा व्यायाम त्यालाही सुरू करा, कारण तपासणीच्या दिवशी आदल्या दिवसाच्या धावण्याने दमलेले, दुखणारे पाय घेऊन गेलेला मुलगा चवड्यांवर अर्धाच उठतो. ‘पंधरा दिवसांत कमान काढून देतो’ म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नका. तळव्याखाली बाटली फिरवून कमान येत नाही. आणि कमान येत नसेल, तर भरतीच्या आधी हातात वेळ असतानाच उभं राहून काढलेला एक्स-रे घेऊन अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा, म्हणजे पुढची दोन वर्षं मैदानावर घालवायची की नाही हे त्याला आत्ताच कळेल.